पाटी कुणी पुसायची?

१९२५ साली हॉलिवूडमध्ये 'द रेड किमोना' नावाचा मूकपट आला. गोष्ट खरी होती, आणि खरी आहे हीच तिची जाहिरात होती. नायिकेचं नाव गॅब्रिएल डार्ली. वेश्याव्यवसायात ओढली गेलेली एक बाई, तिच्यावर चाललेला खुनाचा खटला आणि शेवटी निर्दोष सुटका.

खरी गॅब्रिएल डार्ली तेव्हा जिवंत होती. १९१८ साली ती निर्दोष सुटली, जुनं आयुष्य सोडलं, १९१९ साली लग्न केलं आणि मेल्विन आडनावाने संसाराला लागली. तिचा भूतकाळ नव्या ओळखीपाळखीतल्या लोकांना माहीत नव्हता. मग एक दिवस तो थिएटरात लागला, तिच्या खऱ्या नावासकट. निर्मातीने खटल्याच्या कागदपत्रांवरून कथा घेतली होती, पण नाव बदलण्याची तसदी घेतली नव्हती.

तिने दावा लावला. १९३१ साली कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने दिलेला निकाल मला फार आवडतो, कारण त्यात न्यायाधीश चाचपडताना दिसतात. खटल्यात जे घडलं ते सार्वजनिक दप्तरात आहे, ते कुणीही सांगू शकतं, हे त्यांना मान्य होतं. खासगीपणाचा स्वतंत्र कायदा कॅलिफोर्नियात तेव्हा नव्हता. तरीही हे बरोबर नाही, असं त्यांना वाटत राहिलं. अखेर त्यांनी राज्याच्या घटनेतलं सुख मिळवण्याच्या हक्काचं कलम काढलं आणि म्हटलं, की जी बाई सुधारून नीट जगते आहे तिचं खरं नाव असं चव्हाट्यावर आणण्याची काही गरज नव्हती. तिचा दावा चालवण्याजोगा ठरला.

निकाल सिनेमावाल्यांविरुद्ध होता. कोर्टाच्या कपाटातले कागद जिथल्या तिथेच राहिले. एखाद्याच्या नावावरची गुन्ह्याची नोंद कधी पुसायची, आणि मुख्य म्हणजे ती पुसायचं काम कुणाचं, हा प्रश्न अमेरिकेतली राज्यं तेव्हापासून आजपर्यंत सोडवत बसली आहेत. गेल्या काही वर्षांत तो प्रश्न माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांच्या टेबलावर येऊन पडला, म्हणून मी या इतिहासाच्या नादी लागलो.

*

आधी नोंद कशी जन्माला आली ते पाहावं लागेल, कारण गुन्हा जुना असला तरी 'रेकॉर्ड' ही गोष्ट तशी नवी आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत गाव बदललं, नाव बदललं, की माणूस नवा व्हायचा. पश्चिमेकडे निघून जाणं हाच त्या काळचा कोरी पाटी करण्याचा उपाय. पोलिसांकडे फोटो असायचे, वर्णनं असायची. पुढे फ्रान्समधल्या बर्तियोंच्या पद्धतीने हातापायांची मापं घेतली जाऊ लागली. पण दाढी वाढवलेला, नाव बदललेला माणूस मागच्या राज्यातला तोच, हे छातीठोकपणे सांगणं अवघड होतं.

ते सांगण्याची सोय आपल्याकडून गेली. १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. श्रेय मिळालं ते एडवर्ड हेन्री या पोलिस अधिकाऱ्याला. पण ठशांची वर्गवारी बसवण्याचं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या हाताखालच्या दोघांनी केलं होतं. इथे एक इंजिनीअर म्हणून थांबल्याशिवाय मला राहवत नाही. दहा बोटं, प्रत्येक बोटावर चक्र आहे किंवा नाही. म्हणजे दोनचा दहावा घात, १०२४. ठशांचे कागद १०२४ खणांत वाटायचे, आणि नवा ठसा आला की गणित करून थेट त्या खणापाशी जायचं. लाखो कागद चाळायची गरज नाही. संगणक यायच्या कितीतरी आधीचं हे हॅशिंग आहे!

हेन्री १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेला आणि पद्धत बरोबर घेऊन गेला. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात स्कॉटलंड यार्डाच्या एका सार्जंटने ती अमेरिकी पोलिसांना शिकवली. १९२४ साली वॉशिंग्टनमध्ये ठशांचं राष्ट्रीय दप्तर उभं राहिलं, तेव्हा सुरुवातीलाच त्यात ८ लाखांहून अधिक कागद होते. आता पश्चिमेकडे पळून उपयोग नव्हता. बोटं बरोबरच येत होती.

ज्या राजवटीत ही पद्धत तयार झाली, तिने १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवलं होतं, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाआड जन्मलेल्या मुलाच्या नावावर काही न करताच नोंद होती. देशभरात तो कायदा १९५२ च्या ३१ ऑगस्टला गेला. नोंदीतून बाहेर पडलेले म्हणून 'विमुक्त' हा शब्द आला, आणि पाठोपाठ राज्यांनी 'सराईत गुन्हेगारां'चे कायदे केले. ती कथा वेगळी आणि मोठी आहे. इथे एवढंच लक्षात ठेवू, की नोंद ठेवणारा आणि नोंद पुसणारा एकच असला, तर पुसण्याचं काम नेहमी मागे पडतं.

*

अमेरिकेत पुसण्याची पहिली कल्पना प्रोबेशनमधून आली. १८४१ साली बॉस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या एका चांभाराने कोर्टात उभ्या असलेल्या दारुड्याचा जामीन भरला आणि त्याला सुधारून दाखवतो म्हणून घरी नेलं. पुढे हा त्याचा उद्योगच झाला. शिक्षा देण्याऐवजी माणसाला देखरेखीखाली सुधारायची संधी द्यायची, हे तत्त्व विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्यांच्या कायद्यांत उतरलं. मग ओघानेच पुढचा प्रश्न आला. सुधारला, प्रोबेशन नीट पार पाडलं, पुढे काय?

कॅलिफोर्नियाने उत्तर दिलं, की माणसाने कोर्टात परत यावं, कोर्टाने दोषी ठरवल्याचा निकाल मागे घ्यावा आणि खटला रद्द करावा. १९०९ च्या सुमारास सुरू झालेली ही तरतूद पुढे दंडसंहितेत कलम १२०३.४ म्हणून बसली आणि आजही तिथेच आहे. बोलीभाषेत लोक याला 'एक्सपंजमेंट' म्हणतात, म्हणजे नोंद उडवणं. प्रत्यक्षात उडत काहीच नाही. फाईल राहते, तिच्यावर 'रद्द' असा शेरा येतो. सरकारी पदासाठी किंवा सरकारी परवान्यासाठी अर्ज केला, तर तिथे शिक्षेचा उल्लेख करावाच लागतो. पुन्हा गुन्हा केलात तर जुनी शिक्षा हिशेबात धरली जाते.

डेटाबेसवर काम करणाऱ्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. याला आम्ही सॉफ्ट डिलीट म्हणतो. ओळ टेबलातून काढायची नाही, फक्त एका रकान्यात 'काढली' अशी खूण करायची. ती कुणाला दिसायची आणि कुणाला नाही, हे मग समोर कोण विचारतंय त्यावर ठरतं. राज्यांच्या या कायद्यांमधला सगळा फरक त्या एका खुणेभोवती आहे. काही राज्यांत कागद खरोखर नष्ट करतात. बहुतेक ठिकाणी 'सील' करतात, म्हणजे जनतेला, नोकरी देणाऱ्याला, घरमालकाला दिसत नाही, पण पोलिसांना आणि सरकारी वकिलाला दिसतं. कॅलिफोर्नियाच्या जुन्या कलमात तर सगळ्यांना दिसतं, फक्त सोबत क्षमेचा शेरा दिसतो.

यावर १९७० साली फार मूलभूत भांडण झालं. लॉस एंजेलिसच्या प्रोबेशन खात्यातल्या दोघांनी एका कायदेविषयक नियतकालिकात लेख लिहिला आणि नोंदी सील करण्याला शीर्षकातच 'मोठं खोटं' म्हटलं. हे काही कडक शिक्षेचे पुरस्कर्ते नव्हते, रोज सुटलेल्या माणसांबरोबर काम करणारे लोक होते. त्यांचं म्हणणं असं, की कायदा माणसाला सांगतो, 'तुला कधी अटक झाली होती का असं विचारलं तर नाही म्हण.' म्हणजे आधी त्याला सुधारायला सांगायचं आणि मग खोटं बोलायला शिकवायचं. त्यापेक्षा समाजाने हो हे उत्तर ऐकायला शिकावं.

मला हा युक्तिवाद वाचताना बरोबर वाटतो आणि जगताना चूक वाटतो. समाज शिकेपर्यंत घरभाडं कुणी भरायचं? नोकरीच्या अर्जावरची ती चौकट पाहिली, की पुढचं काही वाचायची तसदी कुणी घेत नाही. पेनसिल्व्हेनियाचा आजचा कायदा म्हणतो, की सील झालेल्या खटल्याबद्दल कुणी विचारलं, तर तो घडलाच नाही असं समजून उत्तर देता येईल. याला खोटं म्हणायचं तर खुशाल म्हणा. माझ्या मते त्या ओळीची खरी किंमत इथेच आहे. कागद कुठल्या कपाटात आहे हे दुय्यम. समोरच्याच्या डोळ्यांत बघून 'नाही' म्हणायचा हक्क मिळणं, हे मुख्य.

*

साठच्या दशकात नोंदी संगणकावर जाऊ लागल्या. १९६७ साली एफबीआयने गुन्हेविषयक माहितीचं राष्ट्रीय संगणकीय केंद्र सुरू केलं. काय होऊ घातलंय, हे ज्या खटल्यातून लोकांना पहिल्यांदा नीट समजलं, तो खटला मात्र साध्या कागदी ठशांचा होता.

१९६५ चा ऑगस्ट. लॉस एंजेलिसमध्ये १९ वर्षांचा मेनार्ड नावाचा मुलगा रात्री बाकावर बसून मित्राच्या गाडीची वाट पाहत होता. पोलिसांनी घरफोडीच्या संशयावरून उचललं, दोन दिवस ठेवलं, काही सापडलं नाही म्हणून सोडून दिलं. आरोपपत्र नाही, खटला नाही. पण ठसे घेतले होते आणि ते नेहमीच्या रिवाजाने वॉशिंग्टनला गेले. नोंद झाली, अटक, घरफोडी. ही नोंद काढा, एवढंच सांगण्यासाठी मेनार्ड कोर्टात गेला. निकाल कधी लागला? १९७४ साली. एका रात्रीच्या बाकासाठी नऊ वर्षं. अपील कोर्टाने एफबीआयला सांगितलं, की गुन्हेगारांच्या दप्तरात या नोंदीला जागा नाही.

मधली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९७१ साली याच खटल्यात खालच्या कोर्टाने म्हटलं होतं, की नुसत्या अटकेच्या नोंदी नोकरी देणाऱ्यांना वाटत सुटायचा अधिकार एफबीआयला नाही. बँका आणि राज्यांच्या परवाना मंडळांची पंचाईत झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकी संसदेने खर्चाच्या विधेयकात एक कलम घुसवून तो अधिकार परत दिला. नोंदींना गिऱ्हाईक होतं.

घटनेकडून काही मदत मिळेल ही आशा १९७६ साली मावळली. केंटकीतल्या लुईव्हिल शहरात पोलिसांनी दुकानदारांना एक पत्रक वाटलं होतं. 'सक्रिय दुकानचोर' असं वर लिहिलेलं आणि खाली फोटो. त्यातला एक फोटो एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचा होता. त्याच्यावर चोरीचा आरोप ठेवला होता, पण दोष सिद्ध झाला नव्हता, आणि पत्रक निघाल्यावर थोड्याच दिवसांत आरोप रद्दही झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि हरला. नुसती अब्रू गेली म्हणून घटनेतल्या स्वातंत्र्याच्या हक्कावर घाला येत नाही, असं बहुमताने ठरलं. 'पॉल विरुद्ध डेव्हिस' या निकालानंतर चित्र स्पष्ट झालं, की नोंद पुसून घेणं हा घटनेने दिलेला हक्क नाही. राज्याच्या विधिमंडळाने दिलं तर मिळेल, नाही तर नाही. म्हणून हा इतिहास पन्नास राज्यांचा पन्नास तऱ्हेचा आहे. नदीच्या एका काठावर जो माणूस नोकरीच्या अर्जात 'नाही' लिहू शकतो, तो पूल ओलांडला की लिहू शकत नाही.

त्यानंतर हवा बदलली. सुधारणेवरचा विश्वास उडाला, शिक्षा वाढत गेल्या. तरुण गुन्हेगारांची शिक्षा मागे घ्यायची सोय असलेला १९५० चा संघराज्याचा कायदा १९८४ साली रद्द झाला. कुणाची नोंद पुसण्यावर निवडणुका जिंकता येत नव्हत्या.

*

मग इंटरनेट आलं, आणि 'सार्वजनिक दप्तर' या शब्दाचा अर्थच पालटला.

गॅब्रिएल डार्लीच्या काळात सार्वजनिक म्हणजे काय? तर कोर्टात जाऊन, कारकुनाला विचारून, धूळ झटकून पाहता येईल असं. कायद्याने उघडं, पण व्यवहारात झाकलेलं. आता कोर्टांनी नोंदी वेबसाईटवर टाकल्या, खासगी कंपन्यांनी त्या घाऊक विकत घेतल्या आणि पार्श्वभूमी तपासून देण्याचा धंदा उभा केला. २००१ च्या हल्ल्यानंतर तो फोफावला. पुढे तर अटकेच्या वेळचे फोटो गोळा करून लावायचे आणि काढायचे पैसे मागायचे, अशा वेबसाईट निघाल्या. आपल्याकडच्या खंडणीला इतकं स्वच्छ रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. काही राज्यांनी नंतर असे पैसे घेण्यावर बंदी घातली.

आणि २००४ साली डार्लीचा निकालही गेला. जुन्या खुनाच्या प्रकरणात शिक्षा भोगून बाहेर आलेल्या एका माणसावर टीव्हीवर कार्यक्रम झाला. त्याने दावा लावला, की मी कधीच सुधारून साधं आयुष्य जगतो आहे. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कोर्टाच्या सार्वजनिक कागदांतली खरी माहिती प्रसिद्ध केल्याबद्दल माध्यमांना शिक्षा करता येत नाही, कितीही वर्षं लोटलेली असोत. कायद्याच्या दृष्टीने हे पटण्यासारखं आहे, पत्रकारितेच्या दृष्टीने तर आवश्यकच. पण मग निकाल असा झाला, की जे एकदा उघडं पडलं ते उघडंच राहणार. आता वाचवायचं तर मूळ दप्तरातच झाकावं लागणार.

अमेरिकेत आज साधारण ७ ते १० कोटी लोकांच्या नावावर कुठली ना कुठली नोंद आहे, असं मानलं जातं. म्हणजे दर तीन प्रौढांमागे एक. यात नुसती अटक झालेले आले, निर्दोष सुटलेले आले. २००६ साली अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलच्या अहवालातच म्हटलं होतं, की एफबीआयकडच्या अटकेच्या जवळपास निम्म्या नोंदींत पुढे काय झालं तेच लिहिलेलं नाही. अटकेची नोंद करायला माणूस नेमलेला असतो. 'सुटला' हे लिहायला नसतो.

*

पुसून घ्यायची सोय तोवर बहुतेक राज्यांत या ना त्या रूपात होती. मग अडलं कुठे?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मिशिगनमधून आलं. मिशिगन विद्यापीठातल्या प्रेस्कॉट आणि स्टार या दोन कायद्याच्या अभ्यासकांनी राज्याच्या पोलिसांकडचा आणि पगारांचा डेटा तपासला. त्यांचा अभ्यास २०२० साली हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात आला. शिक्षा पुसून घ्यायला पात्र झालेल्यांपैकी पाच वर्षांच्या आत ती प्रत्यक्षात पुसून घेणारे किती? ६.५ टक्के. ज्यांनी घेतली त्यांचे पगार वर्षभरात २२ टक्क्यांहून अधिक वाढले. आणि नंतर त्यांनी गुन्हे करण्याचं प्रमाण राज्यातल्या सर्वसाधारण लोकांपेक्षाही कमी होतं.

शंभरातले त्र्याण्णव का गेले नाहीत, हे समजायला संशोधन लागत नाही. ज्याने तहसील कचेरीतून एखादा दाखला काढला आहे त्याला कळेल. आधी असा कायदा आहे हे माहीत हवं. मग आपण त्यात बसतो का, हे कळायला वकील हवा. कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत. पोलिसांकडे पुन्हा ठसे. फी. अर्जाच्या प्रती सरकारी वकिलाला आणि ॲटर्नी जनरलला. मग सुनावणीची तारीख, म्हणजे कामावर दांडी. आणि त्याच कोर्टात, तशाच बाकावर पुन्हा बसायचं, जिथे कधी पाय ठेवायचा नाही असं ठरवलेलं असतं. कागदावर हक्क पूर्ण होता. फक्त तो मागायचं ओझं नेमकं त्याच्यावर होतं, ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि धीर सगळ्यात कमी.

पेनसिल्व्हेनियाने हे ओझं उलटं केलं. फिलाडेल्फियातल्या गरिबांचे खटले लढवणाऱ्या 'कम्युनिटी लीगल सर्व्हिसेस' या संस्थेतल्या वकील शॅरन डीट्रिच वर्षानुवर्षं एकेक अर्ज भरत होत्या. २०१४ साली त्यांनी रिबेका व्हॅलस यांच्याबरोबर एक अहवाल लिहिला. त्यात सरळ प्रश्न होता. कोण पात्र आहे हे जर कायद्यात तारखा आणि कलमं देऊन लिहिलेलं आहे, आणि त्या तारखा आणि कलमं जर संगणकात आहेतच, तर माणसाला अर्ज करायला का लावायचं?

चार वर्षांनी विधेयक दोन्ही पक्षांच्या मतांनी मंजूर झालं. गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी २८ जून २०१८ रोजी सही केली, बरोबर वर्षाने यंत्रणा चालू झाली. रचना अगदी साधी. राज्यभरच्या कोर्टांचं प्रशासन दर महिन्याला आपल्या डेटाबेसमधून पात्र नोंदी वेगळ्या काढतं, यादी राज्य पोलिसांकडे जाते, ते आपल्या दप्तराशी ताडून पाहतात, आणि मग कोर्टाचा एकच आदेश निघून सगळ्या नोंदी सील होतात. सुरुवातीच्या कायद्यात यात येत होते शिक्षा न झालेले खटले, आणि दहा वर्षं पुन्हा तशी शिक्षा न झालेले किरकोळ गुन्हे. ज्याची नोंद आहे त्याने काहीही करायचं नाही. पहिल्या वर्षात ३ कोटींहून अधिक नोंदी सील झाल्या. आकडा राज्याच्या लोकसंख्येपेक्षा मोठा दिसतो, कारण तो एकेका आरोपाचा आहे. माणसं सुमारे १२ लाख होती.

हे पेनसिल्व्हेनियालाच जमलं, याचं कारण कंटाळवाणं आहे आणि म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. त्या राज्यातल्या सगळ्या कोर्टांचे खटले आधीपासून एकाच राज्यव्यापी प्रणालीत होते. जिथे प्रत्येक जिल्ह्याचं सॉफ्टवेअर वेगळं, तिथे कायदा करूनही वर्षानुवर्षं अंमलबजावणी रखडते. दया विधिमंडळातून येते, पण ती पोहोचते की नाही हे डेटाच्या रकान्यांवर ठरतं.

कॅलिफोर्नियात याच सुमारास दुसऱ्या टोकाने सुरुवात झाली. २०१६ च्या मतदानाने गांजा कायदेशीर झाला आणि जुन्या शिक्षा बदलून घ्यायचा हक्क मिळाला. अर्ज करून तो वापरणारे मोजकेच निघाले. सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी २०१८ साली जाहीर केलं, की अर्जाची वाट न पाहता आम्हीच नोंदी काढू. आधी त्यांची माणसं हाताने फायली वाचत होती. मग 'कोड फॉर अमेरिका' या संस्थेच्या इंजिनीअरांनी प्रोग्रॅम लिहिला, जो नोंदी वाचून पात्र कोण ते काही मिनिटांत सांगायचा. १९७५ पासूनच्या ९ हजारांहून अधिक शिक्षा त्या एका शहरात निघाल्या. यातल्या कित्येकांच्या आयुष्याची चाळीस वर्षं ज्या ओळीखाली गेली, ती काढायला लागलेला वेळ चहा थंड होण्याइतकाही नव्हता.

नंतर युटा, मिशिगन आणि इतर राज्यं, अशी दहाहून अधिक राज्यं या वाटेने गेली. मिशिगनमध्ये आपोआप पुसण्याचं काम एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालं.

*

पण प्रोग्रॅम लिहिला की त्यात काय सुटलं तेही दिसायला लागतं. पेनसिल्व्हेनियात सुरुवातीला कोर्टाचा दंड किंवा खर्च थकला असेल, तर नोंद यादीतून बाहेर पडायची. कोडमध्ये ही एका ओळीची अट. त्या ओळीमुळे नेमके सगळ्यात गरीब लोक वगळले गेले. २०२० साली दुरुस्ती करून थकलेल्या दंडाची आडकाठी काढली, पीडिताला द्यायची भरपाई तेवढी ठेवली.

दुसरी अडचण आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी आहे. मूळ ठिकाणची माहिती बदलली, तरी तिच्या प्रती ज्यांनी काढून ठेवल्या त्यांना ते कळवायचं कसं? घाऊक डेटा घेणाऱ्या कंपन्यांना पेनसिल्व्हेनियाची कोर्टं काढून टाकलेल्या खटल्यांची यादी पाठवत राहतात, आणि आपल्याकडचेही काढा अशी करारात अट असते. काढतात बहुतेक. पण कुणी वेबसाईटवरून परस्पर उचललेली प्रत, वर्तमानपत्राच्या अर्काइव्हमधली बातमी, गावच्या पोलिसांची जुनी फेसबुक पोस्ट, तिथे कोर्टाचा आदेश जात नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथे राज्याचा कायदा पोहोचूच शकत नाही. ती पुण्या-मुंबईतून गेलेल्या आपल्या लोकांना थेट लागू होते. अमेरिकेत स्थलांतराचा कायदा संघराज्याचा. १९९६ साली संसदेने त्यात 'शिक्षा' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद केली, की आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने कसलंही बंधन घातलं, तर ती शिक्षाच. १९९९ साली स्थलांतर खात्याच्या अपील मंडळाने स्पष्ट केलं, की सुधारल्याबद्दल राज्याने ती नंतर पुसली, तरी व्हिसा आणि ग्रीन कार्डासाठी ती शिक्षाच राहते. म्हणजे विद्यार्थिदशेत दुकानातून काही उचलल्याची कबुली दिलेला एखादा मराठी मुलगा न्यू जर्सीत कंपनीच्या अर्जावर 'नाही' लिहू शकतो, आणि त्याच आठवड्यात व्हिसाच्या अर्जावर त्याला 'हो' लिहावं लागतं. दोन्ही उत्तरं कायदेशीर. व्हिसाच्या अर्जातला प्रश्न विचारतानाच सांगतो, की नंतर माफी मिळालेली असली तरी अटक आणि शिक्षा लिहा.

म्हणून तिथले स्थलांतराचे वकील अशा मुलांना पहिली सूचना देतात, की नोंद सील व्हायच्या आधी कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत काढून घे आणि घरी जपून ठेव. एकदा सील झाली की ती प्रत मिळवणं अवघड होतं, आणि आरोप किती किरकोळ होता हे दाखवायला व्हिसा अधिकाऱ्यापुढे तोच कागद लागतो. पूर्वी अर्ज करून पुसायचं होतं तेव्हा हे ठरवायला वेळ मिळायचा. आता दर महिन्याला यादी निघते, आणि आपलं नाव त्यात गेलं हे अनेकांना कळतच नाही.